माउंट केनियावरचे मॉसचे सुटे गोळे: नेमकी जात कोणती?

नैरोबीची_निशा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

माउंट केनियाच्या नारो मोरू वाटेने चढत गेलं की साधारण ४२०० मीटरवर मॅकिंडर्स कॅम्प लागतो. त्याच्याही वर, टेलेकी खोऱ्याच्या माथ्याकडे, महाकाय सेनेसिओची झाडं विरळ होत जातात आणि उघडी, काळपट, ओलसर जमीन सुरू होते. त्या जमिनीवर मॉसचे गोळे पडलेले असतात. आकार दोन-तीन सेंटिमीटरपासून मुठीत मावेल इतका. रंग काळपट हिरवा आणि ऊन पडलं की वरून पांढुरकी झाक.

गोळा उचलला तर अलगद हातात येतो. जमिनीला कुठेच चिकटलेला नसतो. उलटा करून पाहिला तर खालची बाजूही तितकीच हिरवी आणि जिवंत! मॉस म्हणजे दगडाला, मातीला किंवा झाडाच्या सालीला धरून वाढणारी वस्तू, हे मी शाळेत मुलांना शिकवते. इथे तर धरायला काहीच नाही.

फोटो जोडले आहेत. पहिला पूर्ण गोळ्याचा, शेजारी पट्टी ठेवून. दुसरा गोळ्याच्या पृष्ठभागाचा, जवळून. तिसरा आसपासच्या जमिनीचा. गोळे पाहून होते तिथेच परत ठेवले आहेत. मोबाइलवरच्या ओळख-अ‍ॅपने प्रत्येक फोटोला वेगळंच नाव दिलं, म्हणून इथे विचारते आहे. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा. मला नाव तर हवंच आहे, पण ते नाव कशावरून ठरलं हेही समजून घ्यायचं आहे.

---

शेवाळवेडी

निशाताई, दुसरा फोटो फार कामाचा आहे. मोठा करून पाहिला. प्रत्येक पानाच्या टोकाला पारदर्शक, पांढरा केस आहे, पानं खोडाला घट्ट मिटलेली आहेत आणि रोपं एकमेकांना खेटून दाट उभी आहेत. वरची पांढुरकी झाक त्या केसांचीच. एवढ्यावरून ग्रिमिया ही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) जवळजवळ नक्की धरते. जगभरच्या डोंगरांत उघड्या खडकावर उन्हात तापत आणि थंडीत गोठत जगणारं हे मॉस. वनस्पतिज्ञ हेडविगने १८०१ साली हे नाव वापरलं, गोथा इथल्या ग्रिम नावाच्या वैद्य-वनस्पतिज्ञाच्या सन्मानार्थ.

पण प्रजाती म्हणजे अर्धंच उत्तर. जातीपर्यंत जायचं तर गोळ्याचा आकार सोडून द्यावा लागेल, आणि याच मुद्द्यावर बहुतेकांची गाडी अडते. गोळा दिसला की वाटतं, हीच या जातीची खूण. तसं नाही. गोळा ही जात नव्हे, ती वाढायची एक तऱ्हा आहे. तीच जात शेजारच्या पक्क्या कातळावर नेहमीसारखी उशी करून बसलेली सापडू शकते, आणि दुसऱ्या खंडात भलत्याच जातीचेही असे गोळे होतात.

उदाहरण देते. व्हेनेझुएलाच्या अँडीजमधल्या पिएद्रास ब्लांकास या पारामोत (झाडांच्या रेषेवरच्या उघड्या माळावर) फ्रान्सिस्को पेरेझ यांनी असेच गोळे अभ्यासले आणि १९९१ साली त्यावर लिहिलं. तिथली जात ग्रिमिया लाँगिरोस्ट्रिस. पूर्व आफ्रिकेतल्या गोळ्यांवर एर्विन बेक, कार्ल मेगडेफ्राउ आणि मार्गोट सेन्सर यांचं काम १९८६चं आहे. दोन्ही जागा विषुववृत्ताजवळच्या, दोन्ही चार हजार मीटरच्या आसपास किंवा वर, आणि मध्ये अख्खा अटलांटिक महासागर.

तेव्हा पुढचं काम सूक्ष्मदर्शकाचं. तशी सोय होण्यासारखी असेल तर सांगा, काय काय बघायचं ते सविस्तर लिहिते.

---

डोंगरयात्री

धागा वाचनखुणेत साठवला! मी किलिमांजारोला जाऊन आलोय, पण तिथे खाली बघायचं भानच राहिलं नाही.

एक शंका: गोळा गोल कसा राहतो? वाऱ्याने गडगडतो का? आणि आपल्या सह्याद्रीत असं काही दिसतं का?

---

गोठणबिंदू

मी वनस्पतींमधला नाही, माती आणि बर्फाचा अभ्यास करतो. सध्या मुक्काम नॉर्वेत. डोंगरयात्रींच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या हद्दीत येतं.

वाऱ्याचा वाटा थोडा असेल, मुख्य काम सूचिहिमाचं. निशाताईंच्या तिसऱ्या फोटोत जमिनीचा वरचा थर फुगून भुसभुशीत झालेला दिसतोय, तो याच कारणाने. ओल्या मातीचा पृष्ठभाग रात्री गोठू लागतो. खालचं पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर ओढलं जातं आणि पृष्ठभागाच्या किंचित खाली बर्फाच्या उभ्या सुया वाढायला लागतात. केरसुणीच्या काड्या घट्ट बांधून उभ्या कराव्यात तशा या सुया दिसतात, काही सेंटिमीटर उंच. त्या वाढताना डोक्यावरची माती, खडे आणि मॉसचा तुकडा हे सगळं उचलून धरतात. पहाटे तिथे चाललात तर पायाखाली करकर आवाज येतो, तो सुया मोडण्याचा.

ऊन आलं की उन्हाकडच्या सुया आधी वितळतात आणि डोक्यावरची वस्तू त्या बाजूला कलंडून पडते. रोज रात्री उचल, रोज सकाळी कलंडणं. मॉसचा तुकडा असा सतत फिरत राहिला की प्रत्येक बाजूला कधी ना कधी उजेड मिळतो, आणि तो सगळ्या अंगाने वाढत जातो. मुळात दगडावरची उशी सुटून खाली पडली असेल किंवा एखाद्या खड्याभोवती मॉस धरलं असेल. पुढचा आकार या उलथापालथीतून येतो.

यात कळीचा शब्द आहे ‘रोज’. मी राहतो तिथे जमीन एकदा गोठली की महिनोन्‌महिने गोठलेलीच. माउंट केनियावर, विषुववृत्तापासून हाकेच्या अंतरावर, ऋतूंमधला फरक फार थोडा आणि दिवस-रात्रीतला प्रचंड. स्वीडिश वनस्पतिज्ञ ओलॉव्ह हेडबर्ग यांनी या डोंगरांचं हवामान एका वाक्यात बसवलंय: रोज दिवसा उन्हाळा, रोज रात्री हिवाळा. भूगोलज्ञ कार्ल ट्रोल यांनीही उष्ण कटिबंधातल्या उंच पर्वतांचं हेच वैशिष्ट्य मानलं. गोठण्या-वितळण्याची इतकी आवर्तनं आणि तीही बारा महिने, ही चैन ध्रुवाकडच्या प्रदेशांना नाही.

सह्याद्रीबद्दल: महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिवाळ्यात एखाद्या पहाटे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. पण चार पहाटेंनी गोळा होत नाही. कळसूबाई १६४६ मीटर. त्या उंचीवर आपल्याकडे हे यंत्र चालूच होत नाही.

---

शेवाळवेडी

गोठणबिंदू, अप्रतिम प्रतिसाद. यात एक भर. गोळ्याच्या आत काय असतं तेही बघण्यासारखं असतं. मध्यभागी बारीक माती, जुनी तपकिरी झालेली खोडं, आणि त्यांतून चारी दिशांना बाहेर येणाऱ्या फांद्या. हिरवा भाग फक्त बाहेरच्या काही मिलिमीटरचा. हा सगळा भाग पाणी धरून ठेवतो. मॉसला पाणी वर चढवणारी खरी मुळं नसतात, पानांनीच पाणी शोषायचं आणि पाणी संपलं की मिटून थांबायचं. पहाटेचं दव आणि वितळलेला बर्फ एवढ्यावर त्याचा दिवस निघतो. पानांची पांढरी टोकं चार हजार मीटरवरचं प्रखर ऊन परतवतात.

---

अनघा_मु

फारच माहितीपूर्ण धागा. आइसलँडमध्ये हिमनदीवर असेच गोळे असतात असं मध्यंतरी वाचलं होतं. ते हेच का?

---

गोठणबिंदू

चुलतभाऊ म्हणा. आइसलँडचे हवामानशास्त्रज्ञ योन एथोर्सन यांनी १९५१ साली त्यांना हिमनदीवरचे उंदीर असं नाव देऊन ‘जर्नल ऑफ ग्लेशिऑलॉजी’त लिहिलं. ते प्रत्यक्ष बर्फावर असतात. गोळ्याच्या सावलीतला बर्फ सावकाश वितळतो, गोळा बर्फाच्या छोट्या चौथऱ्यावर उभा राहतो आणि मग तिथून घसरतो. अलास्कातल्या रूट ग्लेशियरवरचा एक अभ्यास २०२०मध्ये आला. तिथले गोळे दिवसाला साधारण अडीच सेंटिमीटर सरकतात, आणि कळपासारखे एकाच दिशेने. उतार, वारा, ऊन यांपैकी कशानेही ती दिशा पुरती उलगडत नाही.

आफ्रिकेतही बर्फावरचं एक उदाहरण आहे. युगांडातल्या रुवेन्झोरी पर्वतावर, स्टॅन्ली पठाराच्या हिमनदीवर, मॉसच्या सूक्ष्म कळ्या एकत्र येऊन झालेले पुंजके जपानी संशोधकांना सापडले, २०१४ साली ते प्रसिद्ध झालं. जात सेराटोडॉन पर्प्युरियस. म्हणजे शेवाळवेडीताई म्हणतात तेच: गोळे अनेक जातींचे, कारणं वेगवेगळी.

---

नैरोबीची_निशा

सगळ्यांचे मनापासून आभार. सूक्ष्मदर्शकाची सोय होतेय. इथल्या एका विद्यापीठातल्या संशोधक मैत्रिणीकडे या भागातून नमुने घेण्याचा रीतसर परवाना आहे आणि तिच्या जुन्या संग्रहात अशा एका गोळ्याचा चिमूटभर तुकडा आहे, त्याच खोऱ्यातला. आम्ही दोघी तो बघणार आहोत. ताई, काय काय बघू?

---

शेवाळवेडी

उत्तम. आधी पाण्याचा थेंब टाकून भिजवा. मग बारीक चिमट्याने रोपाच्या मधल्या भागातली पानं तळापासून ओरबाडून काढा, तळ तुटता कामा नये, कारण निम्मी ओळख तिथेच असते. एका रोपाचे नव्या ब्लेडने आडवे छेद घ्या, जितके पातळ जमतील तितके.

तुमच्या उंचीवर मला तीन नावं समोर दिसतात.

ग्रिमिया लाँगिरोस्ट्रिस असेल तर पान मधल्या शिरेवर दुमडलेलं असतं, छेदात स्पष्ट ‘व्ही’ दिसतो. कडा निदान एका बाजूने खाली वळलेली असते. नर आणि मादी अवयव एकाच रोपावर, त्यामुळे बोंडं (बीजाणूंच्या कुप्या) बऱ्याचदा सापडतात.

ग्रिमिया ओव्हॅलिस असेल तर पान दुमडलेलं नाही, खोलगट असतं. कडा सपाट, कुठेही वळलेली नाही. पानाच्या वरच्या भागात पेशींचे दोन थर. तळाकडच्या पेशी लांबट, त्यांच्या भिंती जाड आणि नागमोडी. नर-मादी रोपं वेगवेगळी.

ग्रिमिया लेव्हिगाटा असेल तर पान रुंद आणि खोलगट, पण टोकाचा केस बघा. तो बुडाशी रुंद, चपटा होऊन पानाच्या कडेने खाली उतरलेला असतो. तळाजवळ कडेच्या पेशी आखूड, चौकोनी किंवा चक्क आडव्या.

आणखी एक. दांडा आणि बोंड मिळालं तर दांडा सरळ आहे की वाकडा ते पाहा. या तिन्हींचा दांडा सरळ असतो. हंसाच्या मानेसारखा वळलेला दांडा दिसला तर यादीच बदलायची, मग पुल्विनाटासारख्या जातींकडे जावं लागेल.

---

डोंगरयात्री

ताई, समजा यातलं एकही जुळलं नाही, तर नवीन जात? मग निशाताईंचं नाव लागेल का?

---

शेवाळवेडी

उत्साह समजू शकते, पण ग्रिमियात नवीन जातीची घाई करू नये असा या प्रजातीचा इतिहासच सांगतो. एकोणिसाव्या शतकात प्रत्येक डोंगरावरून आलेल्या नमुन्याला वेगळं नाव द्यायची पद्धत होती. एकच मॉस सावलीत हिरवं, लांब आणि जवळजवळ बिनकेसाचं. उन्हात काळं, आखूड आणि पांढऱ्या केसांचं. त्यातून शेकडो नावं साचली. जेसुस मुन्योज आणि फ्रान्सिस्को पांडो यांनी २००० साली जगभरच्या ग्रिमियाचा आढावा घेतला, तेव्हा त्यांतली बरीचशी नावं एकमेकांची समानार्थी ठरली. लाँगिरोस्ट्रिसचंच बघा. वनस्पतिज्ञ हूकरने हम्बोल्ट-बॉनप्लां या प्रवासी संशोधकांच्या अँडीजमधल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं, आणि आज तीच जात इतर खंडांतल्या डोंगरांवरही ओळखली जाते.

खरोखर नवीन निघालीच तर नियम असे. मॉसच्या नावांची मोजणी हेडविगच्या १ जानेवारी १८०१च्या ग्रंथापासून सुरू होते (स्फॅग्नम तेवढा अपवाद, त्याची १७५३पासून). वर्णन लॅटिनमध्ये हवं किंवा, २०१२पासून, इंग्रजीतही चालतं. एक प्रमाण नमुना कायमस्वरूपी संग्रहात ठेवून तो कुठे आहे हे जाहीर करावं लागतं. जवळच्या जातींपेक्षा वेगळेपण कशात, हे सांगावं लागतं. शोधणाऱ्याने स्वतःचं नाव जातीला देण्याचा प्रघात नाही, दुसऱ्या कुणी सन्मानाने दिलं तर गोष्ट वेगळी.

आणि कृपया कुणीही तिथून नमुना खिशात घालून भारतात आणू नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे, १९९७पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. नमुन्याला केनियाचा संशोधन परवाना आणि वन्यजीव खात्याची परवानगी लागते, देशाबाहेर न्यायला वेगळी, आणि भारतात वनस्पती आणायला इथला आयात परवाना. परवान्याशिवाय आलेल्या नमुन्यावर कुठलंही चांगलं नियतकालिक शोधनिबंध घेणार नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्या उंचीवर वाढ फार हळू असते. एक गोळा किती वर्षांचा आहे ते उचलणाऱ्याला दिसत नाही.

---

अनघा_मु

अवांतर: आपल्याकडे, म्हणजे भारतात, उंच उष्ण कटिबंधीय डोंगरांतल्या मॉसवर वाचायला काही आहे का?

---

शेवाळवेडी

आहे तर. निलगिरी, पळणी, अनैमलै हे आपले त्यातल्या त्यात जवळचे डोंगर, दोन-अडीच हजार मीटरचे. पळणी टेकड्यांच्या मॉसवर फादर जॉर्जेस फोरो यांचं काम मुंबईच्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) जर्नलमध्येच आलंय, १९६१ साली. अनेक वर्षं पायी फिरून गोळा केलेल्या माणसाचा अभ्यास आहे तो, आजही उपयोगी पडतो.

---

नैरोबीची_निशा

पाहिलं! सविस्तर लिहिते.

वाळका तुकडा काळा, काडीसारखा कडक होता. स्लाइडवर ठेवून पाण्याचा थेंब सोडला आणि भिंगातून बघत राहिले. खोडाला मिटून बसलेली पानं काही सेकंदांत उघडली, एकेक करून बाहेर झुकली, आणि काळा रंग गडद हिरवा झाला. संग्रहात पाकिटात पडून राहिलेली वस्तू डोळ्यांसमोर उमलत होती. पुढच्या तासाला मुलांना हेच दाखवणार आहे.

आता निरीक्षणं. पान तळाशी अंडाकृती, वर निमुळतं. दुमडलेलं नाही, खोलगट. कडा दोन्ही बाजूंनी सपाट, खाली वळलेली एकाही पानात दिसली नाही. केस बारीक, गोल, त्यावर किंचित दाते. बुडाशी चपटा नाही आणि पानाच्या कडेने उतरलेलाही नाही. वरच्या भागातल्या छेदात पेशींचे दोन थर स्पष्ट. तळाच्या पेशी, शिरेजवळच्या, लांबट आणि भिंती नागमोडी, अगदी तुम्ही म्हणालात तशा. कडेजवळच्या थोड्या आखूड, पण आडव्या नाहीत. बोंड एकही नाही. नर किंवा मादी अवयवही मिळाले नाहीत.

---

शेवाळवेडी

छान काम केलंत दोघींनी. सपाट कडेमुळे आणि दुमड नसल्यामुळे लाँगिरोस्ट्रिस मागे पडते. बारीक, गोल केस आणि तळाच्या लांबट पेशींमुळे लेव्हिगाटा मागे पडते. उरते ओव्हॅलिस, आणि नागमोडी भिंती, दोन थर हे तिच्याशी जुळतं.

तरी पाकिटावर ‘ग्रिमिया सीएफ. ओव्हॅलिस’ असंच लिहा. सीएफ. म्हणजे ‘हिच्याशी ताडून पाहा’. नमुना वांझ आहे, आणि गोळ्यातली रोपं सतत उलटीपालटी होत असल्याने पानं खुरटी असतात, मोजमापं थोडी फसवी येतात. पुढच्या माणसाला शंकेची जागा दिसली पाहिजे. पाकिटावर उंची, अक्षांश-रेखांश, कशावर वाढलं होतं, सुटं होतं की चिकटलेलं, आणि कुणी कधी ओळखलं, हे सगळं हवं. नैरोबीच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या पूर्व आफ्रिकी वनस्पतिसंग्रहात जुने नमुने आहेत, मैत्रिणीला त्यांच्याशी ताडून बघता येईल.

फोटोतल्या गोळ्यांची जातही हीच, असं मात्र अजून म्हणता येणार नाही. तुकडा त्याच खोऱ्यातला आहे, त्याच गोळ्यांतला नाही.

---

गोठणबिंदू

माझ्याकडून एक विनंती. या खोऱ्याच्या वर असलेल्या लुइस हिमनदीचं आकारमान १९३४ ते २०१० या काळात सुमारे ९० टक्के घटलं. बर्फ मागे हटतो तशी नवी उघडी जमीन मोकळी होते, म्हणजे या गोळ्यांना सोयीची जागा वाढत असेल. पण ओल कमी झाली तर सूचिहिमही कमी होईल. दोन्हींपैकी काय घडतंय हे बघायला जुने-नवे फोटो एकाच जागेचे हवेत. निशाताई, तुमच्या फोटोंचे जीपीएस बिंदू जपून ठेवा.

---

डोंगरयात्री

आमचा गट जानेवारीत पॉइंट लेनानाला (४९८५ मीटर) जातोय, सिरिमॉन वाटेने चढून नारो मोरूने उतरणार. आमच्याकडून काही मदत होईल का? नमुना अजिबात घेणार नाही.

---

शेवाळवेडी

नक्की होईल. उतरताना टेलेकी खोऱ्याच्या माथ्यावर गोळे दिसले की त्यांच्या आसपासचे पक्के कातळ बघा, विशेषतः उन्हाकडची बाजू. तिथे त्याच मॉसच्या उशा असतील आणि उशीवर बोंडं मिळण्याची शक्यता गोळ्यापेक्षा कितीतरी जास्त. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर दहापटीचं भिंग धरून फोटो काढा: बोंड बाजूने, दांडा पूर्ण, बोंडाचं झाकण शाबूत असेल तर तेही. पानं कोरडी असतानाचा एक फोटो, मग बाटलीतलं थोडं पाणी शिंपडून दुसरा. प्रत्येक वेळी पट्टी शेजारी ठेवा.

---

नैरोबीची_निशा

आणि पहाटे लवकर निघा, ऊन खोऱ्यात उतरायच्या आत. तेव्हा गोळे सुयांवर उभे असतात. एखाद्या गोळ्याशेजारी मोबाइल टेकवून तासाभराची टाइमलॅप्स घेतलीत तर तो कलंडताना सापडेल. माझ्या फोटोंचे जीपीएस बिंदू तुम्हाला व्यनि करते.